सिस्टर लोकांचा विरंगुळा : साताऱ्यातल्या आमच्या हॉस्पिटलच्या नोंदी (मे ते ऑक्टोबर २०२५)

१४ मे

परवा नर्सेस डे झाला. केक, एकेक गुलाब, भाषण, फोटो आणि दुपारपासून परत तेच. वर्गणीतले साडेआठ हजार उरले. दरवर्षी त्याचे स्टीलचे डबे वाटतात, यंदा मेट्रन मॅडम म्हणाल्या डबे बास झाले, पोरींच्या तब्येतीसाठी कायतरी करा, आणि ते माझ्या गळ्यात पडलं. दुसऱ्या कुठल्या हॉस्पिटलात कोणी असलं काही काढणार असेल तर आमचे पैसे आणि वेळ कुठे गेला ते आधीच कळावं म्हणून हे लिहून ठेवते.

आम्ही कोण ते सांगते. सातारा शहरातलं प्रायव्हेट हॉस्पिटल, सिस्टर आणि ब्रदर (पुरुष नर्स) मिळून चाळीसच्या आसपास, शिफ्ट आठ ते दोन, दोन ते आठ आणि नाईट बारा तासांची. निम्म्या जणी बाहेरगावाहून येऊन जाऊन करतात, कोरेगाव, लिंब, एक जण रहिमतपूरहून. कंबर सगळ्यांची गेलेली. सात-आठ जणींच्या पायाच्या शिरा फुगलेल्या. झोपेचं तर विचारूच नका.

कागदावर ठरलं ते असं: रोज सकाळी योगा, रविवारी ड्रॉइंगचा क्लास, महिन्यातून एकदा अजिंक्यतारा किल्ला नाहीतर यवतेश्वरचा डोंगर, आणि फुलांच्या सीझनला कासचं पठार. वाचायला भारी वाटतंय.

२३ मे

योगा संपला. सुरू कधी झाला असं विचारलं तर तेही खरंच आहे.

टीचरना महिन्याचे अडीच हजार ॲडव्हान्स दिले होते, वेळ सकाळी साडेसात. आता हिशोब बघा. मॉर्निंगवालीला आठला ओव्हर (आधीच्या शिफ्टकडून पेशंटची माहिती) घ्यायचा, म्हणजे साडेसातला यायचं तर गावाकडून सहाची एसटी, म्हणजे डबा पहाटे साडेचारला. नाईटवाली आठला सुटते असं ड्युटी लिस्टमध्ये लिहिलेलं असतं पण ओव्हर देऊन, राहिलेलं चार्टिंग (पेशंटच्या नोंदी) पुरं करून नऊ वाजतातच. इव्हिनिंगवाली त्या वेळेला स्वयंपाकघरात. म्हणजे साडेसात ही आमच्यात कोणाचीच वेळ नाही, आणि ही गोष्ट चाळीस जणींना विचारल्याशिवाय मला कळायला हवी होती कारण मी पण तीच ड्युटी करते. पहिल्या दिवशी हॉल भरला. नंतर नंतर टीचर, मी आणि बिलिंगचा एक मुलगा. पैसे परत मागितले नाहीत, त्यांनी आपली वेळ राखून ठेवली होती, त्यांचा काय दोष.

३० मे

यंदा पावसाने मे मध्येच गाठलं, वळीव नाही, सरळ पाऊसच. किल्ला रद्द. त्यासाठी व्हॉट्सॲप ग्रुप काढलेला त्यावर आता फक्त गुड मॉर्निंग येतंय.

ड्रॉइंगच्या क्लासचं पण योगासारखंच होणार हे दिसायला लागलंय. रविवारी अकरा वाजता म्हटलं की अकराला ज्या ऑफ त्या घरी, ज्या ड्युटीवर त्या वॉर्डात.

६ जून

मग म्हटलं ठरलेल्या वेळेची भानगडच नको, नर्सेस रूममध्ये सामान ठेवू, ज्याला वाटेल त्याने करावं. आणि सामान फुकटचं काय आहे तर व्हायलची, म्हणजे इंजेक्शनच्या बाटल्यांची टोपणं! निळी, लाल, जांभळी, पोपटी, इतके छान रंग असतात की टाकवत नाहीत. दोन सिस्टरांनी इंटरनेटवर बघितलं होतं, टोपणं चिकटवून मोर करायचा. आठवडाभरात डबाभर जमली आणि मोराची मान तयार झाली.

तेवढ्यात इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टर राउंडला आल्या. त्यांनी डबा उघडून बघितला, टोपणांच्या खाली एक सिरिंजचा प्लंजर आणि आयव्ही सेटचा (सलाईनच्या नळीचा) तुकडा निघाला, कोणीतरी मोराचे पाय करायला घातलेला. "हे रेड बॅगचं आहे ना गं?" एवढंच विचारलं. पुढे बोलायची गरजच नव्हती, २०१६चे बायोमेडिकल वेस्टचे, म्हणजे हॉस्पिटलचा कुठला कचरा कुठल्या रंगात टाकायचा त्याचे नियम आम्हाला झोपेत विचारले तरी पाठ आहेत: पिवळी, लाल, पांढरी, निळी. नुसती टोपणं असती तर कदाचित चाललं असतं पण वॉर्डातून एकदा काही बाहेर न्यायला लागलं की मागोमाग काय काय येतं ते दिसलंच. सगळं गेलं. फेविकॉल आणि प्लायवूडचे सहाशे दहा रुपये पाण्यात.

तुम्ही करणार असाल तर नियम सोपा ठेवा: वॉर्डातली एक पण वस्तू वापरायची नाही, चिकटपट्टीसुद्धा घरची आणायची.

१७ जून

फिजिओथेरपिस्ट मॅडमना जेवणाच्या सुट्टीत बोलावलं. लेक्चर नको, फक्त उभ्या उभ्या ड्युटीवर काय करता येईल ते दाखवा म्हटलं, आणि आत्तापर्यंत सगळ्यात उपयोगी पडलेली वीस मिनिटं ही. औषधं भरताना ट्रॉलीला धरून टाचा वर-खाली करायच्या, पोटरी आवळली की पायात साठलेलं रक्त वर ढकललं जातं. पेशंट सरकवताना कंबरेतून वाकायचं नाही, बेड आधी आपल्या कंबरेइतका वर घ्यायचा, गुडघे मोडायचे आणि ड्रॉशीटला (पेशंटच्या अंगाखालच्या आडव्या चादरीला) दोन्ही बाजूंनी दोघींनी धरायचं. हे सगळं आम्हाला ट्रेनिंगला शिकवलेलं. करतं कोण? दुसरी सिस्टर मोकळी असली तर करणार ना. ते मी मॅडमना म्हटलं तर त्या पण गप्प बसल्या.

घरी गेल्यावर भिंतीला पाय लावून दहा मिनिटं पडायचं, हे मात्र सगळ्यांना आवडलं. एकीची सासू विचारते म्हणे, हे काय नवीन खूळ, पण आता सासूही शेजारी पाय वर करून पडते. ज्यांच्या शिरा जास्तच फुगल्यात आणि पाय दुखतात त्यांना मॅडमनी आधी सर्जनला दाखवा म्हणून सांगितलं. दोघींना स्टॉकिंग्ज (शिरांसाठीचे घट्ट मोजे) लागले.

खर्च शून्य.

२९ जून

गोधडी सुरू केली.

कल्पना आमच्या वॉर्डातल्या मावशींची. त्या म्हणाल्या, "सिस्टर, ते रंगाचं न्हाई व्हायचं तुमच्यानं. रंग वाळतोय. गोधडी हातातनं टाकली तरी टाका जागचा हालत न्हाई." मला तेव्हा फारसं कळलं नाही, पण त्या बोलल्या ते बरोबर निघालं. वॉर्डात बेल वाजली की सिस्टरला हातातलं जागेवर सोडून पळावं लागतं. ब्रश सोडला तर वाळतो, आसनातून उठलं तर परत बसणं होत नाही. गोधडीत सुई खोचून ठेवायची आणि जायचं. पुढच्या शिफ्टची कोणी येईल ती तिथूनच पुढे घेईल. रोज आम्ही पेशंटचा ओव्हर देतो तसा आता गोधडीचा पण द्यायला लागलोय, "उजवीकडची तिसरी ओळ चालूय, निळ्या ठिगळापाशी दोरा संपलाय."

कापड प्रत्येकीने घरून आणलं. जुन्या सुती साड्या, एकीच्या सासऱ्यांचं धोतर, आणि दोघी-तिघींनी ट्रेनिंगच्या वेळचे पांढरे युनिफॉर्म आणले ज्यात आता आम्ही कोणीच मावत नाही. सगळं गरम पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवून (ऊन कुठलं, जून महिना, दोन दिवस पंख्याखाली) मगच आत घेतलं. सुया, दोऱ्याची रिळं आणि मेणाचा खडा खणआळीच्या बाजारातून, तीनशे चाळीस रुपये. दोरा मेणावरून ओढून घेतला की गुंता होत नाही.

९ जुलै

दोन गोष्टी बिघडल्या.

पहिली: कच्चे टाके घातले नाहीत. खाली अस्तर, मधे साड्या आणि धोतर, वर ठिगळं असे थर नुसते अंथरून आम्ही सरळ कडेने पक्की शिलाई सुरू केली, सगळ्यांना घाई. हातभर आत आल्यावर मधला थर सरकला आणि असा झोळ पडला की मांजर झोपेल. मावशी सुट्टीवर होत्या, परत आल्या, बघितलं, म्हणाल्या "उसवा." आठवड्याचं काम उसवलं. उसवताना पण कोणी तक्रार केली नाही, उलट एका आयसीयूवालीने दोन तास शांतपणे फक्त उसवलं आणि म्हणाली आज बरं वाटलं. आता आधी लांब लांब कच्चे टाके उभे-आडवे घालून थर बांधून घेतलेत, मग कडेपासून आत आत.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. शनिवारी रात्री सुई हरवली. रूममध्ये नाईटवाल्या जमिनीवर सतरंजी टाकून पाठ टेकतात, तिथे. सगळ्यांनी मोबाईलच्या टॉर्चवर फरशी पालथी घातली, सापडली नाही. सकाळी मेंटेनन्सच्या दादांनी जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक काढून दोरीला बांधला आणि कपाटाखालून फिरवला तेव्हा खाटकन चिकटली. तेव्हापासून ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये करतात तसा काउंट. डब्यावर कागद चिकटवलाय, सुया पाच, शिफ्ट संपताना मोजायच्या, सही करायची. ओटीच्या सिस्टरला हे सांगायलाच लागलं नाही, तिनेच तक्ता आखून आणला. नवीन चुंबक साठ रुपये.

बोटाला अंगुस्तान कोणाकडे नव्हतं, पण मधल्या बोटाला मायक्रोपोरचे (कागदी चिकटपट्टीचे) दोन वेढे दिले की सुई टोचत नाही. रोल विकत आणलेला आहे, हॉस्पिटलचा नाही, हे इथे मुद्दाम लिहिते.

ज्यांची कंबर दुखते त्यांना जमिनीवर बसून शिवायला देऊ नका. आम्ही आता जेवणाच्या टेबलावर काम चाललेली एकच कड उघडतो, बाकीची गुंडाळी.

२० जुलै

अजिंक्यतारा झाला. पण आधी जे झालं ते लिहिते.

आमची आयडिया अशी की नाईटवरून सुटलेल्यांनी तसंच किल्ल्यावर जायचं, परत घरी गेलं की कामं लागतात आणि मग राहतं. वर गाडीरस्ता आहे, म्हणून दोघी-दोघी स्कूटरवर. चढताना काही नाही. वर गार वारा, मंगळाईचं दर्शन, समोर यवतेश्वर अर्धा ढगात, खाली सातारा, सगळ्या खूश. उतरताना एका वळणावर पुढच्या गाडीवरच्या सिस्टरचे डोळे मिटले. मिटले म्हणजे झोप लागली. गाडी कडेला घासत गेली आणि थांबली, मागे बसलेलीचं कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. बारा तासांची नाईट करून ओल्या घाटरस्त्यावर स्कूटर चालवायची हे आम्हीच, म्हणजे ॲक्सिडेंटचे पेशंट रोज बघणाऱ्या बायकांनी, ठरवलं होतं.

तेव्हापासून नाईटवालीने घरी जायचं आणि झोपायचं. तिचा व्यायाम तोच. नाईटनंतरचा कुठलाही कार्यक्रम ठेवायचा नाही, कोणी कितीही उत्साहात असलं तरी.

आता किल्ल्याच्या वाटेवरच्या चार भिंती या स्मारकापर्यंत चालत जायचं, पुढे वाटलं तर वर. इव्हिनिंग असेल त्यांनी सकाळी, मॉर्निंग असेल त्यांनी साडेचारनंतर. ग्रुपवर फक्त "निघाले" टाकायचं, कोणी येवो न येवो. पावसात पायऱ्यांवर शेवाळ असतं, ड्युटीचे पांढरे बूट तिथे उपयोगाचे नाहीत. घाटात मॅरेथॉनची तयारी करणारी पोरं पळत जातात, त्यांच्याकडे बघून आमच्यातली एक पळायला लागलीय. बाकीच्यांना पोहे दिसतात.

११ ऑगस्ट

गोधडी जवळजवळ बंद पडली होती, कारण लिहिते.

कोणीतरी गोधडीचा फोटो वर मॅनेजमेंटला पाठवला. तिथून निरोप आला की फार छान उपक्रम, आता याचं वेळापत्रक करा, प्रत्येक सिस्टरने आठवड्यातून एक तास, हजेरीची वही ठेवा, आणि पेजवर टाकायला फोटो हवेत, युनिफॉर्ममध्ये, हसून. बास. दुसऱ्या दिवसापासून गोधडीला कोणी हात लावेना. आपखुशीने रात्री तीन वाजता टाके घालणारी सिस्टर पण म्हणाली, "आता ही पण ड्युटीच का?"

आणि दुसरं म्हणजे त्याच आठवड्यात दोघींनी नोकरी सोडली, त्यांच्या जागा भरल्या नव्हत्या, फीमेल वॉर्डला रात्री एकटी सिस्टर. मीटिंगमध्ये स्टाफचा विषय निघाला तेव्हा कोणीतरी म्हणालं की आपण सिस्टरांसाठी गोधडी, ट्रेकिंग वगैरे करतोच आहोत की. मला तिथेच उठून जावंसं वाटलं. मेट्रन मॅडमनी मात्र सरळ सांगितलं की गोधडी हा स्टाफिंगचा पर्याय नाही, दोन्ही फायली वेगळ्या ठेवा. वही बंद झाली, फोटो बंद झाले. स्टाफचं काय झालं ते पुढे लिहीन.

ज्यांना असलं काही सुरू करायचंय त्यांना आमच्यातर्फे एवढंच, की हजेरी घ्यायची नाही आणि फोटो वर पाठवायचे नाहीत.

१९ ऑगस्ट

हळूहळू परत टाके दिसायला लागलेत. कोण घालतं विचारत नाही. काही टाके तांदळाएवढे, काही बोटभर लांब. मावशींचे लगेच ओळखू येतात, एका रेषेत. कॅज्युअल्टीच्या ब्रदरचे पण ओळखू येतात कारण तो जखम शिवल्यासारखा दर टाक्याला गाठ मारतो. सांगून झालं. ऐकत नाही. त्याच्या गाठी राहू दे असं ठरलंय.

कॅन्टीनच्या मागे एक पिंपळ आहे, तिथे मोडका बाक होता, मेंटेनन्सच्या दादांनी दोन फळ्या मारून दिल्या, दोनशे रुपये. जेवण झाल्यावर पाच मिनिटं मोबाईल न बघता बसायचं एवढाच कार्यक्रम. उन्हाळ्यात तिथे तांबट बसायचा, त्याचं टुक टुक टुक इतकं मॉनिटरसारखं की आयसीयूची सिस्टर घास हातात घेऊन उठली होती. आता पावसाळ्यात तो गप्प आहे पण ती अजून वर बघते.

५ सप्टेंबर

गणपतीत सगळं थांबलं. डेंग्यूचे पेशंट, रजा, मिरवणुकांचे ॲक्सिडेंट, डबल ड्युट्या. चालणं शून्य, गोधडी दोन ओळी. नोंद एवढ्यासाठी की असे आठवडे येणारच, तेव्हा ग्रुपवर आठवण करून द्यायची नाही. टाचा वर-खाली मात्र चालू होतं, कारण त्याला वेळ लागत नाही.

१८ सप्टेंबर

कास.

शनिवार रविवार गर्दीचा, म्हणून मधला वार घेतला. ऑनलाइन बुकिंग आधी करून ठेवलं. टेम्पो ट्रॅव्हलर साडेचार हजार, सगळ्यांनी काढले, उरलेल्या पैशातून फक्त नाश्ता. सगळ्यांना एकदम जमणार नाही हे आता माहीत असल्यामुळे ऑफ असलेल्याच गेलो. बाकीच्यांची दुसरी गाडी पुढच्या आठवड्यात.

साताऱ्यातून वर यवतेश्वरचा घाट धरला की पंचवीसेक किलोमीटर. प्रत्येकीला ड्रॉइंगची वही आणि पेन्सिल दिली होती, पठारावर बसून फुलं काढायची असं ठरलेलं. वर धुकं, वारा आणि बारीक पाऊस, पहिल्या पाच मिनिटात कागदाचा लगदा. पेन्सिल ओल्या कागदाला फाडते. पावसात चित्र काढायचं असेल तर प्लास्टिकची पाटी आणि क्लिप न्या नाहीतर नुसतं बघा.

आम्ही बघितलं. तेरड्याचा गुलाबी पट्टा, मधे गेंदाचे पांढरे ठिपके, आणि ओल्या कातळावर सीतेची आसवे. गाईड म्हणाला ही वनस्पती किडे खाते. आम्ही सगळ्या वाकलो. फूल निळं-जांभळं, शेंगदाण्याएवढं, नाजूक देठावर. मुळापाशी पाण्यात बारीक पिशव्या असतात आणि किडा जवळ आला की पिशवी त्याला पाण्यासकट आत ओढते. "सक्शन मशीन!" ओटीवाली ओरडली, आणि मग बराच वेळ सक्शनवरच चर्चा. ड्युटीचा विषय काढायचा नाही असं ठरवून गेलो होतो.

कास पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे हे आम्हाला शाळेत जाणाऱ्या पोरांनी शिकवलं. पण साताऱ्यात नोकरी करून आमच्यातल्या कितीतरी जणी पहिल्यांदाच वर आल्या होत्या. निम्म्या फोनना रेंज नव्हती. एक जण म्हणाली मला फुलांपेक्षा हेच आवडलं, "या" म्हणून कोणाचा फोन येऊ शकत नाही.

चित्रं शेवटी परतताना गाडीत काढली, फोनवरचे फोटो बघून. ब्रदरने मिकी माऊस नावाचं पिवळं फूल काढलं, दोन्ही कान बरोबर जमले. ते नर्सेस रूमच्या कपाटाच्या आतल्या बाजूला लावलंय, बाहेरच्या नाही.

७ ऑक्टोबर

गोधडी पुरी झाली. पाच बाय सात फुटांची म्हणायची, एक बाजू चार बोटं कमी. घटस्थापनेच्या आधी घरोघरी गोधड्या धुवायला निघतात तेव्हा आमची अजून अर्धीच होती, मावशी रोज टोमणा मारायच्या.

हिशोब: साडेआठ हजारातले अडीच योगात गेले, सहाशे दहा मोरात, गोधडीला दोनदा मिळून साडेसहाशे, चुंबक साठ, बाक दोनशे, वह्या-पेन्सिली सातशे, कासच्या दोन्ही गाड्यांचा नाश्ता बावीसशे. पंधराशे ऐंशी शिल्लक.

चालणाऱ्या रेग्युलर आठ-नऊ जणी राहिल्यात. योगा कोणी करत नाही. पाय भिंतीला लावून पडणाऱ्या सगळ्यात जास्त. स्टाफमध्ये एक नवीन सिस्टर आली, दुसरी जागा अजून रिकामी आहे आणि फीमेल वॉर्डला काही रात्री अजून एकटीच असते, ते गोधडीने सुटलेलं नाही.

गोधडी कोणाला द्यायची यावर भांडण चालूय. चिठ्ठ्या टाकू असं एक मत, नाईटवाल्यांना अंगावर घ्यायला इथेच ठेवू असं दुसरं. इथे ठेवली तर धुणार कोण? हॉस्पिटलच्या लाँड्रीत पेशंटच्या चादरींबरोबर टाकायची नाही हे इन्फेक्शन कंट्रोलने आधीच सांगितलंय, आणि ओली झाल्यावर ती दोघींना उचलत नाही. मावशींनी दुसरीसाठी साड्या मागितल्यात. या वेळी सुतीच आणा, गेल्या वेळी कोणीतरी नायलॉनची दिली होती, तिच्यात सुई अडते आणि टाका दिसतो पण बसत नाही.